रीडिझाइन केलेली सिटी बस: गाडी घरी ठेवण्याइतकी चांगली आहे का? (मोठा रिव्ह्यू)

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल: ५ पैकी ४. चारही स्टार बसचेच आहेत. जो एक कापला तो बसमुळे कापलेला नाही, बस बदलून बाकी रस्ता आणि पार्किंग जसंच्या तसं ठेवणाऱ्या शहरांमुळे कापलाय. त्याचं कारण खाली स्टॉकहोमच्या भागात येईल आणि मला विचाराल तर या अख्ख्या रिव्ह्यूमधला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता रिव्ह्यू नेमका कशाचा? नवीन रंगाच्या बस, एसी, चार्जिंग पॉइंट, इलेक्ट्रिक इंजिन यांचा नाही. ते सगळं चांगलंच आहे, पण ते गाडी बदलणं झालं, सेवा बदलणं नाही. मी बोलतेय ती सेवा म्हणजे शहराचे सगळे बस रूट एका टेबलवर मांडायचे, कुठली बस कुठून कुठे आणि किती मिनिटांनी हे परत नव्याने ठरवायचं, आणि उद्देश हा की रोज ऑफिसला कार घेऊन जाणाऱ्या माणसाने कार घरी ठेवावी. जगात बऱ्याच शहरांनी हे करून बघितलंय, दक्षिण कोरियातलं सोल, अमेरिकेतलं ह्यूस्टन, स्पेनमधलं बार्सिलोना, न्यूझीलंडमधलं ऑकलंड, आणि त्यांचे निकाल आता समोर आहेत, त्यामुळे नुसत्या आशेवर बोलायची गरज नाही.

माझी फूटपट्टी एकच आहे. ज्याच्या हातात कारची किल्ली आहे त्या माणसाला ही सेवा कशी वाटेल? ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही तो बसनेच जातो, बस वाईट असली तरी जातो, आणि त्याच्यावर होणारा अन्याय हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण कार कमी करायच्या असतील तर किल्लीवाला माणूस गिऱ्हाईक धरावा लागतो आणि हे गिऱ्हाईक फार चोखंदळ असतं.

कारचं खरं बळ काय आहे ते बघा. वेग नाही, कारण पीक अवरला कार पण रांगतेच. आराम थोडाफार. पण खरं बळ हे की ती तयार असते. मीटिंग साडेसहाला संपो की सव्वासातला, कार खाली उभी असते, तिला काही विचारावं लागत नाही. म्हणून बसने तिच्याशी टक्कर द्यायची तर एकच रस्ता आहे, फ्रिक्वेन्सी. बस इतक्या वेळा यायला हवी की वेळापत्रक बघायची इच्छाच होऊ नये.

हे नुसतं मत नाही, साधा हिशोब आहे. समजा बसमध्ये बसून जायचा वेळ ३० मिनिटं आहे आणि मध्ये एकदा बस बदलायची आहे. दोन्ही बस अर्ध्या तासाने असतील तर सरासरी १५ मिनिटं पहिल्या स्टॉपवर आणि १५ दुसऱ्या स्टॉपवर ताटकळायचं, म्हणजे एकूण एक तास. तीच ट्रिप, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, पण दोन्ही बस १० मिनिटांनी येत असतील तर ५ आणि ५, एकूण ४० मिनिटं. बसचा वेग ताशी एक किलोमीटरनेही न वाढवता २० मिनिटं वाचली! एवढा वेळ वाचवायला रस्ता रुंद करायचा म्हटलं तर किती घरं आणि किती झाडं पाडावी लागतील याचा विचार करा.

मग सगळे विचारतात की एवढ्या बस आणायच्या कुठून. इथेच रीडिझाइनची खरी करामत आहे आणि मला ती मनापासून आवडते. जुनी नेटवर्क बघितली तर बहुतेक शहरांत रूट वर्षानुवर्षं एकावर एक चढत गेलेले असतात, कोणीतरी मागणी केली म्हणून एक फाटा, कुठे वसाहत झाली म्हणून एक वळसा, आणि असं करत करत दोन-तीनशे मीटरवरच्या तीन समांतर रस्त्यांवर तीन रूट, प्रत्येक अर्ध्या तासाने. आता हेच तीन रूट एकत्र करून मधल्या रस्त्यावर आणले तर तेवढ्याच बसमध्ये, तेवढ्याच ड्रायव्हरमध्ये दर १० मिनिटाला बस मिळते. चालायचं थोडं वाढतं, थांबायचं खूप कमी होतं.

ह्यूस्टनने नेमकं हेच केलं. तेल आणि हायवेचं शहर, अमेरिकेतल्या सगळ्यात कारवेड्या शहरांपैकी एक, आणि तिथे १६ ऑगस्ट २०१५ ला एका रात्रीत अख्खं लोकल बस नेटवर्क बदललं. जुने रूट डाउनटाउनकडे धावायचे, कोणाला शहराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचं तरी आधी मध्यात जा मग बाहेर या. नवीन नेटवर्क जाळीसारखं, उभ्या-आडव्या मुख्य रस्त्यांवर १५ मिनिटांच्या आत बस, आणि हे आठवड्याचे सातही दिवस. खर्च जवळपास तेवढाच ठेवून. याचा पहिला फायदा दिसला तो शनिवार-रविवारी, वीकेंडचे प्रवासी ठळकपणे वाढले, कारण आधी रविवारी बसची सेवा नावापुरतीच असायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, खूप शहरं रविवार आणि संध्याकाळ विसरतात. माणूस कार विकायचा विचार करतो तेव्हा तो सोमवार सकाळ ९ चा विचार करत नाही, रविवारी संध्याकाळी नातेवाइकांकडून परत कसं यायचं हा विचार करतो.

बार्सिलोनाचं मॉडेल मला त्याहून देखणं वाटतं. तिथे शहराचा मोठा भाग मुळातच चौकोनी ब्लॉकचा आहे, मग बसही तशीच केली. ऑक्टोबर २०१२ ला सुरुवात, टप्प्याटप्प्याने करत नोव्हेंबर २०१८ ला पूर्ण. एकूण २८ लाइन: १७ उभ्या, ८ आडव्या, ३ तिरक्या. उभ्यांच्या नावात व्ही, आडव्यांच्या एच, तिरक्यांच्या डी. म्हणजे नाव वाचलं की बस डोंगराकडून समुद्राकडे जाते की समुद्राला समांतर जाते ते कळतं, नवख्या माणसालासुद्धा. एक उभी बस घ्या, एक आडवी घ्या, त्या जाळ्यात तुम्ही कुठूनही कुठेही एका बदलीत, म्हणजे एकदाच बस बदलून, पोचता.

आता "बदली" म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात हे मला माहितीये. घरासमोरून थेट ऑफिसपर्यंत जाणारी एकच बस असावी असं प्रत्येकाला वाटतं. पण प्रत्येक घरासमोरून प्रत्येक ऑफिसला थेट बस द्यायची तर रूटची संख्या इतकी होते की प्रत्येक रूटवर दिवसातून चार फेऱ्या उरतात. थेट पण तासाने येणारी, की बदलून पण लगेच येणारी, हा निवडीचा प्रश्न आहे आणि दोन्ही मिळणार असं सांगणारा माणूस हिशोब लपवतोय. बदलीचा त्रास खरा असतो हे मात्र मान्य. पावसात, मूल कडेवर घेऊन, मोठा रस्ता ओलांडून दुसरा स्टॉप शोधायचा असेल तर कोणीही वैतागेल. म्हणून चांगल्या रीडिझाइनमध्ये बदलीची जागा आधी सुधारतात, दोन्ही स्टॉप चौकाच्या जवळ, छप्पर, उजेड, क्रॉसिंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या बसचं परत तिकीट नाही. बदली करायला लावून वर दुसऱ्यांदा पैसे घेणारं शहर असेल तर मी तिथेच रेटिंग थेट २ वर आणेन.

याबाबतीत सोलने जे केलंय ते अजूनही सगळ्यात पूर्ण उदाहरण वाटतं. १ जुलै २००४. त्याआधी तिथल्या बस खाजगी कंपन्या चालवायच्या आणि कंपनीची कमाई प्रवाशांवर, म्हणजे भरलेल्या रस्त्यावर सगळ्या कंपन्यांच्या बस एकमेकींशी शर्यत लावणार, स्टॉपवर प्रवासी ओढणार, आणि जिथे गर्दी नाही तिथे कोणी जाणारच नाही. शहराने काय केलं, रूट आणि वेळापत्रक स्वतःकडे घेतलं, तिकिटाचे सगळे पैसे एका जागी जमा, आणि कंपनीला पैसे प्रवाशामागे न देता बस किती किलोमीटर चालली त्यावर द्यायला सुरुवात केली. एका फटक्यात ड्रायव्हरला शर्यत लावायचं कारणच संपलं. बस चार रंगांत विभागल्या: निळ्या लांबच्या मुख्य रस्त्यांच्या, हिरव्या वस्तीतून मेट्रोपर्यंत सोडणाऱ्या, लाल उपनगरांच्या, पिवळ्या मध्य भागात गोल फिरणाऱ्या. बसच्या नंबरमध्येच ती कुठल्या झोनमधून कुठल्या झोनमध्ये जाते ते आलं. टी-मनी नावाचं तिकिटाचं कार्ड आलं, आणि भाडं एकूण अंतरावर, मध्ये बस बदला नाहीतर मेट्रोत जा, बदलीचा दंड नाही. मोठ्या रस्त्यांच्या मधोमध बसच्या लेन केल्या.

आणि पहिले दिवस कसे गेले? भयंकर. कार्ड रीडर चालेनात, लोकांना नवीन नंबर कळेनात, बसच्या लांबच लांब रांगा लागल्या, मेयर ली म्युंग-बाक यांना जाहीर माफी मागावी लागली. पण त्यांनी योजना मागे घेतली नाही, दुरुस्त्या केल्या, आणि काही महिन्यांत तक्रारी उतरत गेल्या, प्रवासी वाढले. खर्चाची बाजू पण सांगायला हवी, कारण रिव्ह्यूमध्ये नुसतं कौतुक नको: किलोमीटरवर पैसे द्यायचे म्हणजे तोटा शहराच्या अंगावर, आणि तिथलं अनुदान पुढे बरंच वाढत गेलं. तरी मला हा सौदा बरोबर वाटतो. रस्त्याला आपण कधी विचारत नाही की तू नफ्यात आहेस का.

आता नाराजीचा भाग. प्रत्येक रीडिझाइनमध्ये काही लोकांचं नुकसान होतंच, आणि जो आराखडा "सगळ्यांचा फायदा" असं सांगतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही. ज्या आजींच्या दारासमोरचा स्टॉप गेला, ज्यांना आता ४०० मीटर चालायचंय, त्यांच्यासाठी "सरासरी वेळ वाचला" या वाक्याला काही अर्थ नाही. ह्यूस्टनच्या आराखड्यावर काम केलेले जॅरेट वॉकर हे सल्लागार एक प्रश्न आधी लोकप्रतिनिधींसमोर ठेवतात: बजेटचा किती हिस्सा जास्तीत जास्त प्रवासी मिळवायला आणि किती हिस्सा प्रवासी कमी असले तरी सगळीकडे बस पोचवायला? ह्यूस्टनने ८० आणि २० असं ठरवलं. आकडा काय असावा यावर वाद होऊ शकतो, व्हायलाच हवा, पण तो उघडपणे ठरला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाहीतर होतं काय, की आवाज मोठा असलेल्या वस्तीला रिकामी बस मिळते आणि मुख्य रस्त्यावरची बस दाराला लोंबकळणाऱ्या माणसांसकट धावते. त्या २० टक्क्यांत आजींसाठी छोटी गाडी, फोन करून बोलावता येणारी सेवा, हॉस्पिटलचा रूट हे सगळं बसवता येतं. बसवायलाच पाहिजे.

स्टॉपमधल्या अंतराबद्दल पण असाच वाद असतो. दर २०० मीटरला स्टॉप म्हणजे सोय वाटते पण प्रत्येक स्टॉपला ब्रेक, दार, चढणं, परत वेग घेणं यात साधारण २० सेकंद धरा, असे २० स्टॉप कमी केले की एका फेरीत ६-७ मिनिटं वाचतात. आणि इथे एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: वेग वाढला की फ्रिक्वेन्सी फुकटात वाढते. जाऊन-येऊन १२० मिनिटं लागणाऱ्या रूटवर दर १० मिनिटाला बस द्यायला १२ बस लागतात. तीच फेरी ९० मिनिटांत झाली तर ९ बसमध्ये काम होतं, किंवा त्याच १२ बसमध्ये दर साडेसात मिनिटाला बस येते. म्हणजे सिग्नलवर, तिकिटाच्या रांगेत, बेशिस्त पार्किंगमागे बस जेवढी अडकते तेवढ्या बस शहराने विकत घेऊन रस्त्यावर वाया घालवल्या असा त्याचा अर्थ होतो. याचमुळे सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ पासून सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली. आणि ब्राझीलमधल्या कुरिचिबामध्ये तर १९९१ पासून काचेच्या नळीसारखे स्टॉप आहेत, पैसे आधीच आत भरायचे, बसच्या उंचीला उभं राहायचं, दार उघडलं की सरळ आत. पायऱ्या नाहीत, सुट्टे नाहीत.

आता दोन बस एकामागोमाग येतात आणि मग बराच वेळ काहीच येत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे आणि लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. ड्रायव्हरची चूक नसते हो. एक बस दोन मिनिटं उशिरा झाली की पुढच्या स्टॉपवर तेवढी जास्त माणसं जमतात, ती चढायला जास्त वेळ, मग आणखी उशीर, आणि मागच्या बसला माणसंच उरत नाहीत म्हणून ती पळत येऊन पुढचीला गाठते. कागदावर दर १० मिनिटाला बस, प्रत्यक्षात दर २० मिनिटाला दोन, म्हणजे सरासरी थांबणं ५ वरून १० मिनिटांवर गेलं. यावर उपाय आहेत, काही स्टॉपवर बस मुद्दाम थोडी रोखून अंतर सारखं ठेवायचं वगैरे, पण मूळ उपाय हाच की बसला ट्रॅफिकमध्ये अडकूच द्यायचं नाही.

म्हणजे लेन. इथे आले की वातावरण तापतं, कारण लेन कोणाकडून तरी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे, नॅक्टोचे आकडे बघा: कारने भरलेली एक लेन तासाला ६०० ते १,६०० माणसं नेते, बससाठी राखीव ठेवलेली आणि भरपूर बस धावणारी तीच लेन ४,००० ते ८,०००. डांबर तेवढंच. रस्ता माणसांसाठी की गाड्यांसाठी यावर तास-तास चर्चा होते पण हे आकडे समोर ठेवले की मला त्यात चर्चेसारखं फार काही उरत नाही. न्यूयॉर्कने ऑक्टोबर २०१९ मध्ये १४ व्या रस्त्याचा मोठा भाग दिवसा बस आणि ट्रकसाठी ठेवला आणि कारची थेट वाहतूक बंद केली. सुरुवातीलाच बस इतक्या वेगात जायला लागल्या की वेळापत्रकाच्या पुढे जाऊ नये म्हणून ड्रायव्हरना हळू चालवावं लागलं. कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनियो ही बससेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि मधल्या लेनमधून मेट्रोच्या तोडीची माणसं नेते, फक्त तिथली गर्दी हा आता तिचा सगळ्यात मोठा दोष झालाय, लोक पीक अवरला आत घुसूच शकत नाहीत, आणि चेंगरत जाणारा माणूस पहिली संधी मिळताच मोटरसायकल घेतो. गर्दी झाली म्हणजे सेवा यशस्वी झाली असं म्हणून हात झटकणं मला अजिबात पटत नाही. गर्दी म्हणजे बस वाढवायची वेळ झाली. उलट बस वाढली की सगळ्यांचंच थांबणं कमी होतं, त्याने आणखी माणसं येतात. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्येच हे मांडून ठेवलंय.

फुकट बसबद्दल पटकन सांगते कारण त्याबद्दल बरंच विचारलं जातं. एस्टोनियाची राजधानी टालिनने जानेवारी २०१३ पासून रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली. प्रवासी वाढले, पण त्यात आधी चालत जाणारेच बरेच निघाले, कार सोडून आलेले फार नाहीत. लक्झेंबर्गने २०२० मध्ये अख्ख्या देशात फुकट केलं आणि तरी तो देश कारनेच फिरतो. फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये सप्टेंबर २०१८ ला फुकट केल्यावर प्रवासी भराभर वाढले, पण तिथे त्याच वेळी रूट नव्याने आखले होते आणि मुख्य लाइनवर दर १० मिनिटाला बस आणली होती. गरीब माणसासाठी तिकीट कमी करणं चांगलंच, करावं. पण कारवाला तिकिटाच्या पैशाने अडलेला नसतो, त्याने पेट्रोलवर त्याहून जास्त घातलेले असतात. तो वेळेने अडलेला असतो. बजेटमधून एकच निवडायचं असेल तर मी आधी फ्रिक्वेन्सी निवडेन.

आता स्वीडनमधलं स्टॉकहोम, जिथे माझा एक स्टार अडकलाय. तिथे जणू कोणी मुद्दाम प्रयोग करून दाखवावा तसं घडलं. ऑगस्ट २००५ मध्ये शहराने बससेवा वाढवली, १९७ नवीन बस, १६ नवीन लाइन. मग ३ जानेवारी २००६ पासून शहराच्या मध्यात कारने जायला शुल्क, आधी फक्त चाचणी म्हणून, ३१ जुलैपर्यंत. मधले चार महिने म्हणजे फक्त बस वाढलेली, शुल्क नाही. त्या चार महिन्यांत कारच्या गर्दीत दिसेल असा फरक पडला नाही. आणि शुल्क लागल्या दिवसापासून आत-बाहेर जाणारी वाहनं घटायला लागली, त्या चाचणीत घट साधारण २२ टक्के! चाचणी संपली, शुल्क बंद झालं, गाड्या परत वाढल्या. सप्टेंबर २००६ मध्ये मतदान झालं, सुरुवातीला ज्या लोकांचा कडक विरोध होता त्याच शहराने बाजूने मत दिलं, आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायमचं झालं.

यातून कोणी असा अर्थ काढेल की बसचा उपयोग नाही, शुल्क लावा आणि मोकळे व्हा. मला तसं वाटत नाही. कार सोडलेली माणसं गेली कशाने? बऱ्याच अंशी बस आणि ट्रेननेच. ती सेवा आधी उभी नसती तर शुल्काचा नुसता जाच झाला असता आणि पुढच्या मतदानात ते रद्द झालं असतं. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला कंजेशन चार्ज, म्हणजे शहराच्या मध्यातल्या झोनमध्ये कारने यायचं शुल्क, लावला, ५ पौंड, तेव्हा त्याच सकाळी जवळपास ३०० जादा बस रस्त्यावर होत्या, आणि झोनमध्ये येणारी वाहतूक सुमारे १८ टक्क्यांनी उतरली. शिवाय जमा झालेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन होतं. बस माणसाला जायचा रस्ता देते, शुल्क किंवा पार्किंग त्याला निघायचं कारण देतं. एकटी बस काय करते, तर कोणी कार सोडली की त्याची मोकळी झालेली जागा दुसरा कारवाला भरतो, रस्ता तेवढाच गच्च दिसतो आणि मग लोक म्हणतात बसवर एवढे पैसे घातले, काय उपयोग झाला.

शुल्क म्हटलं की राजकारणी घाबरतात ते समजू शकते. पण पार्किंगने पण बरंच होतं आणि त्याला कॅमेरे-बिमेरे लागत नाहीत. ऑफिसमधलं फुकट पार्किंग ही कारला मिळणारी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात न दिसणारी सबसिडी आहे. कॅलिफोर्नियामध्ये १९९२ चा कायदा आहे की काही कंपन्यांनी पार्किंगची जागा देत असतील तर ती नको म्हणणाऱ्याला तेवढे रोख पैसे द्यायचे. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा ८ कंपन्यांचा अभ्यास केला, एकटे कारने येणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. कोणावर बंदी नाही, दंड नाही, फक्त निवड खरी केली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमने २०१२ पासून ११ किंवा जास्त पार्किंग जागा असलेल्या मालकांवर कर लावला आणि तो पैसा ट्राम-बसकडे वळवला. म्हणून मी म्हणते की बस रीडिझाइनच्या आराखड्यात पार्किंगचं एक पानही नसेल तर ते अर्धंच प्रॉडक्ट आहे, आणि पूर्ण किंमत घेऊन अर्धं प्रॉडक्ट देणाऱ्याला पाच स्टार कसे देणार?

मोठ्या खोदकामाशिवाय काय होऊ शकतं याचं स्वित्झर्लंडमधलं झुरिक हे माझं आवडतं उदाहरण आहे. तिथल्या लोकांनी १९७३ मध्ये भुयारी मेट्रो मतदानात नाकारली, आणि १९७७ मध्ये ट्राम आणि बस जलद करायला २० कोटी फ्रँक मंजूर केले. त्यातून सिग्नल असे केले की ट्राम-बस जवळ आली की हिरवा. गाडी थांबायची ती प्रवाशांसाठी, सिग्नलसाठी नाही. एवढं श्रीमंत शहर, कार घेणं ज्यांना सहज परवडतं अशी माणसं, आणि ती रोज ट्राम-बसमध्ये दिसतात. त्यांना बसमध्ये आणलं ते गरजेने नाही, सेवेनेच.

अॅप, लाइव्ह लोकेशन, स्टॉपवरचे डिजिटल बोर्ड यावर फार लिहीत नाही. असावेत. अर्ध्या तासाच्या बसला अॅप लावलं तर तुम्हाला घरी बसून कळतं की अर्धा तास आहे, एवढंच.

सुरुवात एका रात्रीत करावी का टप्प्याने? सोल आणि ह्यूस्टन एका दिवसात, बार्सिलोना सहा वर्षं, ऑकलंड २०१६ ते २०१८ भागाभागाने. एका रात्रीत केलं की जाळं पूर्ण मिळतं पण गोंधळ मोठा, भागाभागाने केलं की चुका लहान राहतात पण मधल्या काळात अर्धं जाळं जुन्याला नीट जोडत नाही. मला भागाभागाने बरं वाटतं, एका अटीवर की पहिल्याच टप्प्यात निदान चार-पाच लाइन एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात, नाहीतर बदलीचा फायदा कोणाला दिसणारच नाही. कुठल्याही पद्धतीने केलं तरी पहिल्या महिन्यात प्रत्येक मोठ्या स्टॉपवर सांगणारी माणसं उभी करा, पोस्टर पुरत नाही. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांचे आकडे बघून निकाल लावू नका. लोक रोजची सवय लगेच बदलत नाहीत, नोकरी बदलली, घर बदललं, जुनी कार बिघडली अशा वेळी बदलतात, आणि त्या दिवशी बस चांगली हवी.

कोणाच्या शहरात असा आराखडा सध्या हरकतींसाठी आला असेल तर नकाशात आपला स्टॉप शोधण्याआधी तीन गोष्टी शोधा: कुठल्या लाइनवर संध्याकाळी ८ नंतर आणि रविवारी १५ मिनिटांच्या आत बस आहे, बदलीचं परत तिकीट लागतं का, आणि लेन व पार्किंगबद्दल काही लिहिलंय का. नसेल तर हरकत लेखी द्या, आणि असेल तर पाठिंबाही लेखी द्या, कारण विरोधाची पत्रं आपोआप येतात, पाठिंब्याची येत नाहीत आणि टेबलावर मोजणी पत्रांचीच होते.